कल्याण कुठं गेलं?

डेटा स्ट्रक्चरच्या प्रॅक्टिकलला एका विद्यार्थिनीने मध्य रेल्वेच्या स्टेशनांची लिंक्ड लिस्ट केली होती. दादर, ठाणे, कल्याण, कर्जत. चार नोड, प्रत्येकात स्टेशनचं नाव आणि पुढच्या नोडचा रेफरन्स. काम एवढंच होतं की ठाणे आणि कल्याण यांच्या मध्ये डोंबिवली घालायची. तिने दोन ओळी लिहिल्या:

मागचा.पुढे = नवा;
नवा.पुढे = मागचा.पुढे;

प्रोग्रॅम बिनबोभाट कंपाइल झाला. चालवला तेव्हा स्क्रीनवर दादर आलं, ठाणे आलं, डोंबिवली आली, मग पुन्हा डोंबिवली, पुन्हा डोंबिवली, आणि कंट्रोल-सी दाबेपर्यंत स्क्रीन डोंबिवलीनेच भरत राहिली. तिने मला विचारलं, "सर, मग कल्याण कुठं गेलं?"

हे पुस्तक त्या प्रश्नातून सुरू झालं. गेली अनेक वर्षं मी जावा शिकवतो आहे आणि लिंक्ड लिस्टवर याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. त्याचं पूर्ण उत्तर देता आलं की जावातल्या व्हेरिएबलमध्ये नक्की काय असतं हे कळलेलं असतं. आणि ते कळलेलं नसेल तर माणूस जावात दोन-तीन वर्षं नोकरी करूनही चाचपडत राहतो. असे कितीतरी मी पाहिले आहेत.

उत्तर पाहू. पहिल्या ओळीने ठाण्याचा रेफरन्स डोंबिवलीकडे वळवला. कल्याणचा पत्ता संपूर्ण प्रोग्रॅममध्ये फक्त ठाण्याकडे होता. तो पुसला गेला. दुसऱ्या ओळीत आपण ठाण्याला विचारतो, "तुझ्या पुढे कोण?" ठाणे म्हणतं, "डोंबिवली." ते उत्तर आपण डोंबिवलीच्या पुढच्या खणात लिहितो. म्हणजे डोंबिवलीच्या पुढे डोंबिवलीच. कल्याण आणि कर्जत मेमरीत त्या क्षणी होते, अगदी शाबूत होते, कल्याणच्या पुढे कर्जत हेही खरंच होतं. फक्त त्यांच्याकडे जाणारी वाट कुणाकडेच उरली नव्हती. त्याच दोन ओळींचा क्रम उलटा केला, आधी नव्या नोडने मागच्याकडून पुढचा पत्ता उतरवून घेतला आणि मग मागच्याने नव्याचा पत्ता धरला, की सगळं जागेवर राहतं.

या ओळींमधली नावं मी वाचकांच्या सोयीसाठी मराठीत लिहिली आहेत असं कुणाला वाटेल. तसं नाही. जावात व्हेरिएबलची नावं युनिकोडमधल्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरांची चालतात, काना-मात्रा आणि जोडाक्षरांसकट. 'नवा', 'मागचा', 'पुढे' ही खरीखुरी, कंपाइलरला मान्य असलेली नावं आहेत. क्लास, व्हाइल, रिटर्न हे भाषेचे राखीव शब्द अर्थातच इंग्रजीत राहतात. नोकरीच्या कोडमध्ये कुणी देवनागरी नावं वापरावीत असं मी म्हणणार नाही, तिथे टीममधल्या सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. पण शिकताना 'मागचा.पुढे' असं वाचणाऱ्या मुलाच्या डोक्यात चित्र लगेच उभं राहतं, हा माझा वर्गातला अनुभव आहे. म्हणून या पुस्तकातली सगळी उदाहरणं अशीच लिहिली आहेत.

चित्राचं म्हटलं तर लिंक्ड लिस्टचा जन्मच चित्राशी जोडलेला आहे. 1955–56च्या सुमाराला अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन हे तिघं तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम लिहीत होते. लॉजिक थिअरिस्ट हे त्याचं नाव. व्हाइटहेड आणि रसेल यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'च्या दुसऱ्या प्रकरणातल्या पहिल्या 52 प्रमेयांपैकी 38 त्याने सिद्ध केली. त्यांची अडचण अशी की सिद्धता शोधताना कुठलं समीकरण किती लांबेल हे आधी सांगता येत नव्हतं. अमुक इतक्या जागा सलग राखून ठेवा, असं मशीनला सांगावं तर किती? म्हणून त्यांनी सलगपणाचा आग्रहच सोडला. प्रत्येक घटक मेमरीत जिथे जागा मिळेल तिथे बसू दे, फक्त पुढचा घटक कुठे आहे तेवढं त्याने जवळ ठेवावं. यासाठी त्यांनी आयपीएल नावाची भाषा केली. चौकोनातून बाण निघून पुढच्या चौकोनाला टेकतो, हे आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असणारं चित्र न्यूएल आणि शॉ यांच्या 1957च्या निबंधात आहे. कोड येतो आणि जातो, आयपीएल आज कुणी लिहीत नाही. ते चित्र मात्र टिकलं.

आपल्याकडे शिकवताना आगगाडीच्या डब्यांची उपमा देतात. मीही पूर्वी देत असे, आता देत नाही. डबे एकामागे एक, एकाच रुळावर, एकमेकांना चिकटून उभे असतात, आणि मुलांच्या मनात तोच सलगपणा बसतो. तो ॲरेचा गुण आहे. लिंक्ड लिस्ट ही कोकणातल्या वाडीसारखी आहे. घरं टेकडीवर, ओढ्याकाठी, आगरात, वाटेल तिथे विखुरलेली. नवख्या माणसाने चौथं घर विचारलं तर त्याला पहिल्या घरी जावं लागतं, तिथून दुसऱ्याची वाट कळते, तिथून तिसऱ्याची. मधल्या घरातल्या माणसाने चुकीची वाट सांगितली की पुढची सगळी वाडी त्या पाहुण्यापुरती नाहीशी.

एकदा ही वाडी डोळ्यांपुढे आली की बहुतेक ऑपरेशन्स आपोआप उलगडतात. सगळे नोड मोजणं, एखादं मूल्य शोधणं, शेवटच्या नोडपर्यंत जाणं, ही सगळी एकाच चालण्याची रूपं आहेत. पहिल्या नोडपासून निघायचं आणि पुढचा रेफरन्स नल, म्हणजे रिकामा, येईपर्यंत चालत राहायचं. त्यावर पुस्तकात फार पानं खर्च केलेली नाहीत. एकच सूचना तिथे ठळक छापली आहे. पहिल्या नोडचा पत्ता ज्या व्हेरिएबलमध्ये असतो ते हेड. चालायला हेडला घेऊ नका. 'हेड = हेड.पुढे' असं लिहीत गेलात तर लिस्ट छापून होईल आणि शेवटी हेड नल असेल. आपण आपल्याच हाताने पहिल्या घराची वाट पुसलेली असेल. चालायला 'आत्ताचा' नावाचं वेगळं व्हेरिएबल घ्या.

पण इथे एक गोष्ट मुलांना खरंच कठीण जाते आणि तिच्यासाठी मी एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. सुरुवातीला नोड जोडणारी मेथड लिहायची. मेथडला हेड दिला, आत नवा नोड तयार केला, त्याच्या पुढे जुना हेड लावला, आणि 'हेड = नवा' असं लिहिलं. मेथडच्या आत छापून पाहिलं तर सीएसएमटी, दादर, ठाणे असं बरोबर येतं. बाहेर येऊन छापलं तर पुन्हा दादरपासूनच. सीएसएमटी गायब. मुलं कंपाइलरला, कॉम्प्युटरला, स्वतःला दोष देतात. मुळात घडतं ते असं की जावा मेथडला रेफरन्सची प्रत देते. मला तुम्ही घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी दिलीत, ती मी उतरवून घेतली. मी त्या घरी जाऊन भिंत रंगवली तर तुम्हालाही ती रंगवलेलीच दिसेल, कारण घर एकच आहे. पण मी माझ्या चिठ्ठीवरचा पत्ता खोडून दुसरा लिहिला तर तुमच्या चिठ्ठीला काहीही होत नाही. म्हणून अशी मेथड नवा हेड परत करते आणि बोलावणाऱ्याने तो स्वतःच्या हेडमध्ये ठेवायचा असतो. किंवा हेड हे लिस्टच्या क्लासचंच फील्ड करायचं. दोन्ही मार्ग पुस्तकात आहेत. मला विचाराल तर मुलांनी आधी पहिल्या मार्गाने धडपडावं, त्याशिवाय दुसऱ्याची गरज अंगात मुरत नाही.

जावाच्या पुस्तकांत पहिल्या पानांवर लिहिलेलं असतं की जावात पॉइंटर नाहीत. आणि लिंक्ड लिस्ट लिहिणाऱ्या मुलाला सर्वांत आधी जी एरर भेटते तिचं नाव नल पॉइंटर एक्सेप्शन! रेफरन्स आणि पॉइंटर यांत फरक आहे, जावात पत्त्यावर बेरीज-वजाबाकी करता येत नाही, पण कुठेतरी दाखवणारं बोट ते बोटच. 'काहीच दाखवत नाही' असं बोट भाषेत आणण्याचा निर्णय टोनी होअर यांनी 1965मध्ये अल्गोल डब्ल्यूसाठी घेतला आणि 2009मध्ये एका व्याख्यानात त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. एवढ्या मोठ्या माणसाने इतक्या वर्षांनी उभं राहून हे मान्य केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नोड काढून टाकणं हा त्या एररचा हमखास मुक्काम. ओळ एकच असते:

मागचा.पुढे = मागचा.पुढे.पुढे;

डोंबिवली काढायची तर ठाण्याने डोंबिवलीला ओलांडून थेट कल्याणचा हात धरायचा. पण मागचा जर शेवटचाच नोड असेल तर मागचा.पुढे नल आहे, आणि नलला 'तुझ्या पुढे कोण' विचारणार कसं? पूर्वी एरर यायची तेव्हा फक्त ओळ क्रमांक कळायचा, एका ओळीतल्या दोन 'पुढे'पैकी कुठला नल होता हे आपण शोधायचं. 2020मध्ये आलेल्या जावा 15पासून एररचा संदेश नेमका कुठला भाग नल होता ते आपणहून सांगतो. शिकणाऱ्यांनी तो संदेश शांतपणे, शेवटपर्यंत वाचायची सवय लावावी. लाल अक्षरं दिसली की मुलं खिडकी बंद करतात आणि कोडमध्ये वाटेल ते बदलायला लागतात, ते बघून मला वाईट वाटतं.

पहिलाच नोड काढायचा असेल तर आणखी पंचाईत, कारण त्याच्या मागे कुणीच नाही. मग 'हेड असेल तर असं, नसेल तर तसं' अशा दोन वाटा लिहाव्या लागतात. यावर जुना उपाय आहे तो बिनमूल्याच्या नोडचा. हेडच्या आधी एक रिकामा नोड कायमचा उभा करायचा. त्यात स्टेशन नाही, प्रवासी नाहीत, पण त्याच्यामुळे प्रत्येक खऱ्या नोडला मागे कुणीतरी असतं आणि वेगळी वाट लिहावी लागत नाही. जावाच्या स्वतःच्या लिंक्डलिस्ट क्लासमध्येही जावा 6पर्यंत असाच एक रिकामा नोड होता आणि सगळी लिस्ट त्याच्याभोवती गोल फिरून यायची. जावा 7मध्ये तो काढून 'पहिला' आणि 'शेवटचा' असे दोन रेफरन्स ठेवले गेले. दोन्ही आवृत्त्यांचा सोर्स कोड खुला आहे. तो शेजारी शेजारी ठेवून वाचावा, इतकं चांगलं शिक्षण दुसरीकडे मिळणार नाही.

या सगळ्या ऑपरेशन्समध्ये माझं सर्वांत लाडकं म्हणजे लिस्ट उलटी करणं. कर्जतहून परत यायचं. नवा नोड नाही, नवी लिस्ट नाही, आहेत तेच बाण एकेक करून मागे वळवायचे. तीन व्हेरिएबल लागतात: मागचा, आत्ताचा, पुढचा. सुरुवातीला मागचा नल, आत्ताचा दादर. मग प्रत्येक फेरीत चार ओळी:

पुढचा = आत्ताचा.पुढे;
आत्ताचा.पुढे = मागचा;
मागचा = आत्ताचा;
आत्ताचा = पुढचा;

पहिल्या फेरीत ठाण्याचा पत्ता 'पुढचा'मध्ये जपून ठेवला, मगच दादरचा बाण नलकडे वळवला. ती पहिली ओळ गाळली तर दादरचा बाण वळताक्षणी ठाण्यापासून पुढची सगळी लाइन हातची गेली. तीच चूक, डोंबिवलीचीच, फक्त वेगळ्या कपड्यांत. दुसऱ्या फेरीत ठाणे दादरकडे बघायला लागतं, तिसऱ्या फेरीत कल्याण ठाण्याकडे, चौथ्या फेरीत कर्जत कल्याणकडे. आत्ताचा नल झाला की थांबायचं. मग राहते एकच ओळ, 'हेड = मागचा', आणि परीक्षेत नेमकी तीच राहून जाते. ती राहिली तर हेड अजून दादरलाच असतो आणि दादरच्या पुढे आता नल आहे. लिस्ट छापली की फक्त 'दादर' येतं. अशी उत्तरपत्रिका माझ्यासमोर आली की मी बहुतेक गुण देतो. बाकीचे बाण बरोबर वळवलेले असतात.

रिकर्शनने हेच मोजक्या ओळींत होतं आणि दिसायला सुरेख दिसतं. पण लिस्टमध्ये लाखभर नोड असले तर स्टॅक ओव्हरफ्लो होण्याचीच शक्यता जास्त, कारण प्रत्येक नोडसाठी मेथडची एक हाक स्टॅकवर थांबून राहते. दोन्ही रीती लिहून बघाव्यात.

लिस्टमध्ये कुठे गोल फिरणारा फास आहे का, हे ओळखण्याची युक्ती रॉबर्ट फ्लॉइड यांच्या नावाने ओळखली जाते. तिथे आपलं ससा-कासव कामी येतं. कासव एक घर पुढे जातं, ससा दोन. फास नसेल तर ससा टोकाला जाऊन नलवर थांबतो. फास असेल तर दोघंही त्यात अडकतात, आणि तिथे प्रत्येक पावलाला त्यांच्यातलं अंतर बरोबर एकाने कमी होतं, म्हणून ते भेटल्याशिवाय राहत नाहीत. दोन क्रमवार लिस्ट एकत्र विणणं आणि त्यावरून मर्ज सॉर्ट हेही पुढे आहे. दुहेरी लिस्टवर एक प्रकरण आहे. तिथे नवा नोड घालताना दोनाऐवजी चार बाण सांभाळावे लागतात, बाकी विचार तोच.

आता एक गोष्ट मी लपवणार नाही. रोजच्या कामात तुम्हाला लिंक्ड लिस्ट फारशी लागणार नाही. जावाचा लिंक्डलिस्ट क्लास 1998च्या जावा 1.2मध्ये कलेक्शन्सबरोबर आला. तो लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच पुढे जाहीरपणे सांगितलं की आपण स्वतः तो कधी वापरत नाही. याला कारणं आहेत. पुस्तकं सांगतात की लिस्टच्या मध्ये नोड घालायला लिस्ट केवढीही असली तरी सारखाच वेळ लागतो. ते खरं आहे, पण मध्यापर्यंत पोचायला चालत जावं लागतं, ते चालणं हिशेबात धरलेलं नसतं. अमुक क्रमांकाचा घटक मागितला की जावाची लिस्ट जवळच्या टोकापासून चालायला लागते. एक लाख घटकांची लिस्ट क्रमांक देऊन देऊन, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत वाचली तर सुमारे 250 कोटी पावलं होतात. तेच काम इटरेटरने केलं तर एक लाख. शिवाय 64-बिट मशीनवर जावाच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये एकेक नोड 24 बाइट खातो, ॲरेलिस्टला त्याच घटकामागे रेफरन्सचे 4 बाइट पुरतात, थोडी राखीव जागा सोडली तर. आणि ॲरे सलग असल्यामुळे प्रोसेसर पुढचे घटक एकदमच जवळ ओढून घेतो. विखुरलेल्या वाडीत त्याला प्रत्येक घरासाठी वेगळी खेप पडू शकते.

तरी साखळी मेलेली नाही, ती आत गेली आहे. आपण रोज वापरतो त्या हॅशमॅपमध्ये एकाच खणात दोन किल्ल्या आल्या की त्या नोडच्या साखळीतच बसतात. 2014च्या जावा 8पासून साखळी आठच्या पुढे गेली आणि टेबल पुरेसं मोठं असलं की तिचं झाड होतं. लिंक्डहॅशमॅप घटकांचा क्रम लक्षात ठेवतो तो आतून चालणाऱ्या दुहेरी लिस्टच्या जोरावर. हा कोड उघडून वाचणाऱ्याला 'नेक्स्ट' हा शब्द पावलोपावली भेटेल, आणि डोंबिवली जिने एकदा नीट जोडली आहे ती तिथे अडणार नाही.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. कल्याण आणि कर्जत यांचं पुढे काय झालं? सीमध्ये असतं तर ते मेमरीत तसेच पडून राहिले असते, जागा अडवून, प्रोग्रॅम संपेपर्यंत. जावात गार्बेज कलेक्टर फिरतो. जिथपर्यंत पोचता येतं ते जिवंत, बाकीची जागा परत ताब्यात, हा त्याचा नियम. कल्याणकडे कर्जतचा पत्ता आहे याला तिथे किंमत नाही, कारण कल्याणपर्यंतच कुणी पोचत नाही. ही कल्पनासुद्धा लिस्टच्याच घराण्यातली. जॉन मॅकार्थी यांनी लिस्टवर उभी असलेली लिस्प ही भाषा केली आणि तिच्यावरच्या 1960च्या निबंधात न लागणारे नोड आपोआप परत मिळवण्याची रीत सांगितली. जावाने ती उचलली. म्हणून जावात लिंक्ड लिस्ट शिकताना 'आणि आता ही मेमरी मोकळी करा' अशी ओळ कधी येत नाही. सीकडून आलेल्या मुलांना ती चुकल्यासारखी वाटते.

वापरण्याबद्दल थोडं. पुस्तकातले सगळे प्रोग्रॅम जावा 21वर चालवून पाहिले आहेत. जावा 18पासून यूटीएफ-8 हे आपसूक धरलं जातं, त्यामुळे देवनागरी नावांना अडचण येत नाही. विंडोजवर त्याहून जुनी आवृत्ती असेल तर कंपाइल करताना एनकोडिंग यूटीएफ-8 आहे असं सांगावं लागेल. उत्तरात अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं आली तर कोड बरोबर आहे, टर्मिनलचं एनकोडिंग बदला.

प्रत्येक प्रकरणानंतर दोन कोरी पानं सोडली आहेत. प्रकाशकांना ती कागदाची नासाडी वाटत होती, मी हट्ट धरला. ती चौकोन आणि बाण काढण्यासाठी आहेत, पेन्सिलने, कारण बाण खोडावे लागतात. पहिल्या कोऱ्या पानावर दादर, ठाणे, कल्याण, कर्जत असे चार चौकोन काढा, डोंबिवलीचा चौकोन जरा बाजूला काढा, आणि ठाण्याचा बाण खोडण्याआधी कल्याणचा पत्ता आणखी कुणाकडे लिहिलेला आहे का ते बघा.